असिसी : बॅसिलिकेच्या पलीकडे



युरोपच्या यात्रेची पत्रके आपण पाहतो. त्यांत रोम, पादुवा, लूर्ड्स, फातिमा यांच्याबरोबर असिसीचे नाव बहुधा असतेच. परंतु बहुतेक यात्रांत असिसीच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. बस खालच्या तळावर थांबते, मंडळी चढ चढून संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकेत जातात, तळघरातील कबरीपाशी प्रार्थना करतात, फोटो काढतात, लाकडी क्रूस विकत घेतात आणि बसमध्ये परत येतात.

बॅसिलिका पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. संतांच्या कबरीपाशी गुडघे टेकणे हा यात्रेचा गाभाच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी मरण पावले. १६ जुलै १२२८ रोजी पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले आणि दुसऱ्या दिवशी या बॅसिलिकेची कोनशिला बसवली. म्हणजे जे भव्य मंदिर पाहून आपण 'असिसी पाहिले' असे म्हणतो, ते फ्रान्सिस यांनी स्वतः कधी पाहिलेच नाही. त्यांचा स्नानसंस्कार जेथे झाला, वडिलांशी त्यांचे जेथे बिनसले, जेथे ते उपाशी राहिले आणि रडले, ती ठिकाणे वेगळी आहेत. ती लहान आहेत, साधी आहेत आणि बहुतेक सगळी बॅसिलिकेपासून पायी जाता येतील अशी आहेत.

२०२६ हे संतांच्या मृत्यूचे ८०० वे वर्ष आहे. त्या निमित्ताने अशा काही ठिकाणांची ओळख या लेखात आम्ही करून देत आहोत. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांना याचा वाटाड्या म्हणून उपयोग होईल. ज्यांना शक्य नाही त्यांनी घरी बसून ही यात्रा मनाने करावी.

१. स्नानसंस्काराचे कुंड

असिसी हे इटलीच्या उंब्रिया प्रांतातील गाव, सुबासियो डोंगराच्या उतारावर वसलेले. गावाचे कॅथेड्रल म्हणजे बॅसिलिका, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कॅथेड्रल आहे ते वरच्या भागातील संत रुफिनो यांचे मंदिर. रुफिनो हे येथील प्राचीन बिशप आणि रक्तसाक्षी. या मंदिराचे बांधकाम ११४० साली सुरू झाले आणि त्याचा दगडी दर्शनी भाग आजही उभा आहे. आतील भाग सोळाव्या शतकात नव्याने बांधला गेला. जमिनीत काही ठिकाणी काचा बसवल्या आहेत, त्यांतून खालचे रोमन काळातील अवशेष दिसतात.

आत शिरताच उजव्या हाताला स्नानसंस्काराचे जुने दगडी कुंड आहे. परंपरा सांगते की याच कुंडात फ्रान्सिस यांचा स्नानसंस्कार झाला आणि पुढे क्लारा यांचाही. क्लारा यांच्या घराण्याचा वाडा याच चौकाला लागून होता. झावळ्यांच्या रविवारी सगळे लोक झावळी घ्यायला वेदीकडे गेले, परंतु तरुण क्लारा जागेवरच थांबल्या. तेव्हा बिशप स्वतः पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी त्यांच्या हाती झावळी दिली. त्याच रात्री क्लारा घर सोडून फ्रान्सिस यांच्या बंधूंकडे गेल्या. ही घटना १२१२ च्या सुमाराची.

दोन मोठे संत एकाच धर्मग्रामाच्या एकाच कुंडातून आले. आपल्या मंदिरातील स्नानसंस्काराच्या कुंडाकडे या नजरेने पाहण्यासारखे आहे. त्या पाण्यातून कोण पुढे येईल हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

२. चौकातील सहा खांब

गावाच्या मुख्य चौकात सहा उंच खांबांचे एक रोमन देऊळ आहे. ते ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातले. मिनर्वा देवीचे देऊळ म्हणून ते ओळखले जाते. मध्ययुगात गावचा कारभार येथून चाले आणि इमारतीत तुरुंगही होता. सोळाव्या शतकात तेथे पवित्र मरियेचे मंदिर झाले. बाहेरून रोमन देऊळ आणि आत ख्रिस्तमंदिर, अशी ही वास्तू आहे.

बॅसिलिकेच्या वरच्या मंदिरात संतांच्या जीवनावरील २८ भित्तिचित्रांची प्रसिद्ध मालिका आहे. ती जोत्तो या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातील पहिल्याच चित्रात हे देऊळ दिसते. एक साधाभोळा माणूस तरुण फ्रान्सिस यांच्या पायाखाली आपला झगा अंथरतो, असा तो प्रसंग आहे. चित्रात देवळाचे खांब मात्र पाचच आहेत. बॅसिलिकेत चित्र पाहून झाल्यावर चौकात येऊन खांब मोजावेत. मुलांना हे फार आवडते.

१७८६ साली गटे हा जर्मन कवी असिसीला आला, तो केवळ हे देऊळ पाहायला. बॅसिलिकेकडे त्याने पाठ फिरवली. त्याला प्राचीन रोम हवे होते, तेवढेच त्याने पाहिले. आपणही अनेकदा मनात जे ठरवून येतो तेवढेच पाहून परततो. फरक इतकाच की त्याची आवड वेगळी होती.

३. जिन्याखालची कोठडी

चौकाच्या अगदी जवळ 'किएझा नुओव्हा', म्हणजे 'नवे मंदिर' आहे. नाव नवे असले तरी ते १६१५ सालचे आहे. स्पेनचा राजा तिसरा फिलिप याने त्यासाठी पैसा दिला. फ्रान्सिस यांचे वडील पिएत्रो दि बर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. त्यांचे घर याच जागी होते, असे मानले जाते. मंदिरात एक अरुंद, अंधारी कोठडी दाखवतात. मुलाने दुकानातील कापड विकून पैसे मंदिराच्या दुरुस्तीसाठी देऊ केले म्हणून चिडलेल्या वडिलांनी त्याला येथे कोंडून ठेवले. वडील परगावी गेले तेव्हा आईने त्याला सोडून दिले. मंदिराबाहेर आईवडिलांचे ब्राँझचे पुतळे आहेत. आईच्या हातात साखळी आहे.

या कोठडीसमोर उभे राहिले की फ्रान्सिस यांची गोष्ट एकदम आपल्या घरची वाटू लागते. वडील काही दुष्ट नव्हते. मुलाने धंदा सांभाळावा, चारचौघांत नाव राखावे, एवढीच त्यांची इच्छा. आपल्यातील किती वडिलांची इच्छा याहून वेगळी असते? आणि दोघांच्या मध्ये सापडलेली आई, तीही आपल्या ओळखीची आहे.

४. एका अंगणातील तीन प्रसंग

असिसीत वेळ थोडाच असेल आणि बॅसिलिकेखेरीज एकच ठिकाण पाहायचे असेल, तर आम्ही बिशपनिवासाचे अंगण सुचवू. शेजारी सांता मारिया माज्जोरे हे प्राचीन मंदिर आहे. संत रुफिनो यांच्या मंदिराआधी गावचे कॅथेड्रल हेच होते.

पहिला प्रसंग १२०६ च्या सुमाराचा. वडिलांनी मुलाला बिशप ग्विदो यांच्यासमोर उभे केले आणि पैसे परत मागितले. फ्रान्सिस यांनी पैसे दिलेच, पण अंगावरचे कपडेही काढून वडिलांच्या पायाशी ठेवले. यापुढे आपला पिता एकच, स्वर्गातला, असे त्यांनी सांगितले. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकले. त्या घटनेची आठवण म्हणून बिशपनिवासात एक दालन आहे. पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथे गोरगरिबांची भेट घेतली. २०१७ साली या स्थळाला तीर्थस्थानाचा दर्जा मिळाला.

पुढे काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. वडील रस्त्यात भेटले की मुलाला शाप देत. त्याचे फ्रान्सिस यांना इतके दुःख होई की त्यांनी एका गरीब म्हाताऱ्याला सोबत घेतले. वडिलांनी शाप दिला की त्या म्हाताऱ्याने आशीर्वाद द्यायचा, असे ठरवले. बापलेकांची दिलजमाई झाल्याची नोंद जुन्या चरित्रांत नाही. संतांच्या जीवनातही एखादी जखम भरायची राहून जाते.

दुसरा प्रसंग जवळजवळ वीस वर्षांनंतरचा. बिशप आणि गावचा मुख्य अधिकारी यांचे टोकाचे भांडण झाले. बिशपांनी त्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. त्याने बिशपांशी कोणी खरेदीविक्री करू नये अशी दवंडी पिटवली. फ्रान्सिस तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी नुकत्याच रचलेल्या सृष्टीच्या स्तोत्रात क्षमेविषयी एक नवे कडवे जोडले आणि दोघा बंधूंना ते बिशपनिवासाच्या अंगणात जाऊन गायला सांगितले. ते ऐकून अधिकाऱ्याने बिशपांचे पाय धरले. बिशपांनी त्याला उठवले आणि आपणच रागीट आहोत, क्षमा करावी, असे म्हटले. ज्या अंगणात फ्रान्सिस यांचे स्वतःचे घर दुभंगले, त्याच अंगणात त्यांनी दुसऱ्यांचे भांडण मिटवले.

तिसरा प्रसंग १९४३ चा. सप्टेंबर महिन्यात जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतला आणि यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. असिसीचे बिशप ज्युसेप्पे प्लाचिदो निकोलिनी यांनी आपले विश्वासू धर्मगुरू दॉन आल्दो ब्रुनाच्ची यांच्यावर या लोकांना लपवण्याची जबाबदारी सोपवली. फ्रान्सिस्कन मठाधिपती फादर रुफिनो निकाच्ची हेही त्या कामात होते. सान क्विरिको मठातील क्लेरिस भगिनींनी आणि इतर अनेक मठांनी आपले दरवाजे उघडले. ज्या बंदिस्त आवारात बाहेरच्या पुरुषाला पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, तेथे यहुदी कुटुंबे राहू लागली. लुईजी ब्रिझी हे छापखानेवाले आणि त्यांचा मुलगा त्रेंतो यांनी खोटी ओळखपत्रे छापली. त्यांवर दक्षिण इटलीतील गावांची नावे घातली, कारण तो भाग दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेलेला होता आणि तेथे चौकशी करणे जर्मनांना शक्य नव्हते. सुमारे ३०० यहुदी माणसे अशा रीतीने वाचली. त्यांचे दागिने, कागदपत्रे आणि पवित्र वस्तू बिशपनिवासाच्या तळघरात भिंत रचून तिच्यामागे लपवल्या होत्या. विटा बिशप स्वतः रचत, असे सांगतात. १९७७ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने बिशप निकोलिनी आणि दॉन आल्दो यांचा गौरव केला. या साऱ्याची माहिती देणारे एक लहान संग्रहालय असिसीत आहे.

आज सांता मारिया माज्जोरे मंदिरात गर्दी असते ती संत कार्लो आकुतिस यांच्या कबरीपाशी. कार्लो यांचा जन्म १९९१ चा. २००६ साली अवघ्या १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ते मरण पावले. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संत घोषित केले. आपल्या तरुणांनी या कबरीचे दर्शन जरूर घ्यावे. मात्र तेथून तसेच बाहेर न पडता शेजारचे दालनही पाहावे. वस्त्रांचा त्याग जेथे झाला त्याच जागी या मुलाला का ठेवले, हे तेव्हा अधिक कळेल.

५. गल्लीतील दोन लहान मंदिरे

चौकातून बॅसिलिकेकडे जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेकरूंचे प्रार्थनागृह आहे. दार इतके साधे आहे की लोक पुढे निघून जातात. पंधराव्या शतकात एका बंधुसंघाने यात्रेकरूंसाठी दवाखाना आणि धर्मशाळा चालवली होती, तिचे हे प्रार्थनागृह. आत भिंतभर चित्रे आहेत. एका बाजूला यात्रेकरूंचे आश्रयदाते संत याकोब यांचे चमत्कार आहेत, दुसऱ्या बाजूला मठवासी संत अंतोन यांचे जीवन. पाच मिनिटे शांत बसण्यासाठी ही जागा फार चांगली.

त्याच भागात, थोडे खाली उतरून, संत स्तेफन यांचे दगडी मंदिर आहे. ते अगदी खेड्यातील मंदिरासारखे आहे. फ्रान्सिस यांनी प्राण सोडला तेव्हा या मंदिराच्या घंटा आपोआप वाजू लागल्या, अशी आख्यायिका आहे. कॅथेड्रलच्या नव्हे, या गरीब मंदिराच्या घंटा वाजल्या, हे ती सांगणाऱ्यांना महत्त्वाचे वाटले असावे.

६. दामियानो : दुरुस्तीची सुरुवात

वेशीबाहेर, जैतुनाच्या झाडांतून सुमारे एक किलोमीटर उतरले की संत दामियानो यांचे मंदिर लागते. या पडक्या मंदिरातील क्रूसापुढे फ्रान्सिस प्रार्थना करत असता, मोडकळीस आलेले आपले घर दुरुस्त कर, अशी प्रभूची हाक त्यांनी ऐकली. मूळ क्रूस आता गावातील संत क्लारा यांच्या बॅसिलिकेत आहे, येथे त्याची प्रतिकृती आहे. कापड विकून आणलेले पैसे येथील गरीब धर्मगुरूने घेतले नाहीत, तेव्हा फ्रान्सिस यांनी ते खिडकीत टाकून दिले. ती खिडकी आजही दाखवतात. मग त्यांनी दारोदार दगड मागून स्वतःच्या हातांनी भिंती बांधल्या.

पुढे क्लारा आणि त्यांच्या भगिनी येथे राहिल्या. क्लारा यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ येथे काढला आणि ११ ऑगस्ट १२५३ रोजी येथेच देह ठेवला. त्यांचे भोजनगृह जुन्या बाकांसह तसेच आहे. क्लारा बसत त्या जागी फुले ठेवलेली असतात.

आपल्या देशाशी या मंदिराचा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, तेव्हा लॉर्ड रिपन यांनी १८७९ साली हा मठ विकत घेतला आणि बंधूंना तेथे राहू दिले. हेच रिपन १८८० ते १८८४ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. ते कॅथॉलिक झालेले इंग्रज गृहस्थ. पुढील मालकांनी १९८३ साली हा मठ फ्रान्सिस्कन बंधूंना देऊन टाकला.

७. रिवोतोर्तो आणि डोंगरातील गुहा

गावाखालच्या सपाटीवर रिवोतोर्तो येथे आज एक मोठे मंदिर आहे. त्याच्या पोटात दगडी झोपड्यांची प्रतिकृती आहे. पहिले बंधू अशा झोपडीत राहत. एका रात्री एक बंधू भुकेने कळवळून ओरडला. फ्रान्सिस उठले, त्यांनी जेवण मांडले आणि त्या बंधूला एकट्याने खायची लाज वाटू नये म्हणून सगळ्यांना सोबत बसवून स्वतःही खाल्ले. उपवासापेक्षा प्रेम मोठे, हे त्यांनी प्रवचनाविना शिकवले. पुढे एका शेतकऱ्याने आपले गाढव त्या झोपडीत घुसवले, तेव्हा भांडण न करता बंधू निघून गेले.

उलट दिशेला, सुबासियोच्या उतारावर, गावापासून सुमारे चार किलोमीटरवर 'कार्चेरी' हा एकांतमठ आहे. दाट रानात लहान लहान गुहा आहेत. फ्रान्सिस आणि त्यांचे सोबती येथे एकांतात प्रार्थना करत. एक फार जुना वृक्ष लोखंडी टेकूंवर उभा आहे. येथे पाहण्यासारखे म्हणावे असे काही नाही. येथे गप्प बसायचे असते.

आपल्याशी नाते

असिसी आपल्यापासून दूर असली तरी तिची वाट आपल्या दारापर्यंत आलेली आहे. सोळाव्या शतकात वसई परिसरात सुवार्ताकार्य करणाऱ्यांत फ्रान्सिस्कन बंधू अग्रभागी होते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधूच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते रक्तसाक्षी झाले आणि १८६२ साली त्यांना संत घोषित करण्यात आले. रिवोतोर्तोच्या झोपडीतून निघालेली वाट वसईहून जपानपर्यंत गेली.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

शक्य असल्यास असिसीत एक रात्र मुक्काम करावा. संध्याकाळी बसगाड्या परत जातात आणि गाव शांत होते. चढउतार फार आहेत, म्हणून साधे, मजबूत बूट घालावेत. लहान मंदिरे दुपारी काही तास बंद असतात, वेळ आधी विचारून घ्यावी. खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत. ज्येष्ठांनी दामियानोला उतरताना पायी जावे, परतीचा चढ मात्र वाहनाने करावा. सगळे पाहण्याचा हट्ट नको. दोन ठिकाणी अर्धा अर्धा तास बसणे हे दहा ठिकाणी फोटो काढण्यापेक्षा चांगले.

कुटुंबात मननासाठी

१. आपल्या घरात बापलेकांचे, भावाभावांचे बोलणे बंद झाले आहे काय? जमिनीवरून की पैशावरून? शाप ऐकू येतो तेथे आशीर्वादाचा शब्द उच्चारणारा कोणी आहे काय?

२. बिशप आणि अधिकारी, दोघांनीही माफी मागितली. आपल्या भांडणात पहिले पाऊल कोणी टाकायचे म्हणून आपण थांबलो आहोत?

३. असिसीच्या मठांनी आपला नियम बाजूला ठेवून परधर्मीयांना आसरा दिला. आपल्या शेजारी आज कोणाला आसऱ्याची गरज आहे?

४. आपल्या धर्मग्रामात दुरुस्तीला आलेले काय आहे? छप्पर आणि भिंती सोडून विचार करावा.

फ्रान्सिस यांना सुरुवातीला वाटले की प्रभू दगडमातीच्या मंदिराविषयी बोलत आहे. त्यांनी तेच काम हाती घेतले. दगड उचलता उचलता त्यांना त्या हाकेचा मोठा अर्थ कळत गेला. आपणही हाताशी असलेल्या लहान कामापासून सुरुवात करू या. या आठवड्यात एका दुरावलेल्या माणसाच्या घरी जाऊन येऊ या. असिसीची यात्रा तेथूनही सुरू होते.